रणजितसिंहांचा मोजा आणि 'बहिणीने काढलेले' चित्र

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी पुरवणीत तुम्ही महाराजा रणजितसिंहांवर अख्खं पान दिलंत, लेख छान होता, दोनदा वाचला. पण पानाच्या मधोमध जे चित्र छापलंय, म्हातारे महाराज खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेत ते, त्याच्या खाली ओळ काय तर "गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड यांच्या बहिणीने काढलेले चित्र". बस्स. बहिणीला नावच नाही. आणि लेखात पुढे एक वाक्य आहे की त्या काळी मेमसाहेब लोक टाइमपास म्हणून अशी स्केचेस करत असत. ते वाचलं आणि माझा चहा तसाच गार झाला. मी एकतीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलंय, त्यामुळे चित्राला कुणी टाइमपास म्हटलं की मला जरा जास्तच लागतं, तेव्हा पत्र लांबलं तर सांभाळून घ्या, काटछाट केलीत तरी चालेल, फक्त नाव कापू नका.

नाव एमिली ईडन. आपण ईडन गार्डन्सवर मॅच बघतो ना, तेच ईडन, या भावंडांचं आडनाव आहे ते. लॉर्ड ऑकलंड हा किताब, गृहस्थाचं नाव जॉर्ज ईडन. एमिली १७९७ ची. भावाचं लग्न झालेलं नाही, हिचं नाही, धाकट्या फॅनीचंही नाही, मग १८३५ मध्ये भाऊ गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात निघाला तेव्हा दोघी बहिणी त्याच्याबरोबर जहाजात बसल्या. १८३६ ला कलकत्त्याला उतरल्या आणि १८४२ पर्यंत राहिल्या. साहेबाला बायको नाही म्हटल्यावर पाहुण्यांची सरबराई, मेजवान्या, बॉल, सगळं या दोघींच्या गळ्यात. म्हणजे रिकामपण होतं आणि म्हणून चित्रं काढली असंही नाही बरं का, तिची पत्रं वाचली तर तासन् तास चालणाऱ्या समारंभांना ती किती वैतागलेली असायची ते कळतं. फॅनी पण स्केचेस करायची आणि रोजनिशी लिहायची, पण तिच्याबद्दल परत कधीतरी, नाहीतर हे पत्र पुरवणीएवढं होईल.

आता टाइमपासबद्दल. हा शब्द तुमच्या लेखकाचा असेल पण विचार त्यांचा नाही, तो विलायतेतल्या त्याच काळाचा आहे आणि आपण तो जसाच्या तसा उचललाय. त्या काळच्या इंग्लंडमध्ये चांगल्या घरच्या मुलीला पियानो, फ्रेंच, भरतकाम आणि थोडं ड्रॉइंग आलं पाहिजे असं होतं, आपल्याकडे कांदेपोह्यांच्या वेळी "मुलीला गाणं येतं, रांगोळी छान काढते" सांगतात ना अगदी तस्सं. यायला पाहिजे, पण त्याच्यापुढे जायचं नाही. पैसे घेऊन चित्र काढलं की घराण्याची इज्जत गेली. लंडनची रॉयल अकादमी, म्हणजे तिथल्या चित्रकारांची संस्था, १७६८ साली निघाली तेव्हा संस्थापकांत दोन बायका होत्या, अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर, आणि त्या अकादमीच्या सभासदांचं एक ग्रुप पेंटिंग आहे झोफनीचं, त्यात सगळे पुरुष नग्न मॉडेलच्या आजूबाजूला उभे आणि या दोघी कुठे, तर भिंतीवर टांगलेल्या दोन पोर्ट्रेटमध्ये! कारण नग्न मॉडेल असलेल्या खोलीत बाईने असायचं नाही. (हाच झोफनी पुढे लखनौला येऊन बरंच काम करून गेला, ते जाऊ दे.) अकादमीच्या शाळेत पहिली मुलगी गेली १८६० साली, लॉरा हरफर्ड, ती पण कशी तर चित्रांवर पूर्ण नाव न घालता नुसती आद्याक्षरं घातली म्हणून, त्यांना वाटलं कोणी मुलगा आहे. प्रवेश देऊन बसल्यावर कळलं. आणि त्या दोघी संस्थापकांनंतर पूर्ण सभासद म्हणून निवडून आलेली पुढची बाई थेट १९३६ साली, लॉरा नाइट. म्हणजे मधली दीडशेपेक्षा जास्त वर्षं दार बंदच.

मग मानवी शरीर शिकायचं नाही, मोठा कॅनव्हास नाही, स्टुडिओ नाही, गिऱ्हाईक तर नाहीच नाही. उरलं काय? स्केचबुक. मांडीवर मावतं, पाहुणे आले की मिटून बाजूला ठेवता येतं. शिवाय तेलरंगांच्या ट्यूबा १८४१ च्या, त्याच्या आधी तेलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून बांधून ठेवत, टाचणीने भोक पाडून पिळायचा, प्रवासात फुटला की सगळं सामान रंगलं. जलरंगाच्या वड्यांची पेटी मात्र कुठेही नेता यायची, पाणी आणि ब्रश मिळाला की झालं. म्हणून बायकांनी स्केचबुक धरलं, तेवढीच जागा त्यांना सोडलेली होती म्हणून. आणि तेवढ्या जागेत त्यांनी जे केलं त्याला आपण दोनशे वर्षांनी छंद म्हणणार. मी स्वतः एसटी स्टँडवर बसून स्केच करते तेव्हा वही पिशवीत कोथिंबिरीखाली असते, काढली की चार माणसं मागे उभी राहतात आणि पाचवा विचारतो, "टाइम जात नाही का मावशी?" त्यामुळे मला हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

ऑक्टोबर १८३७ मध्ये ही मंडळी कलकत्त्याहून वर निघाली, बनारसपर्यंत नदीने बोटीतून आणि पुढे जमिनीवरून मजल दरमजल करत शिमला, पंजाब, आणि परत यायला १८४० उजाडलं. एमिली ते सगळं विलायतेतल्या बहिणीला पत्रांतून कळवत गेली आणि ती पत्रं पुढे १८६६ ला पुस्तक म्हणून छापली गेली. त्यात ती लिहिते की लवाजम्यात बारा हजार माणसं, साडेआठशे उंट, १४० हत्ती आणि कित्येकशे घोडे आहेत. बारा हजार! एक चालतं फिरतं गावच की. तिच्या कुत्र्याला, चान्सला, स्वतःचा वेगळा नोकर होता. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण या बाईला डोक्यावर घेऊन नाचायचा माझा विचार नाही. तिचं स्केचबुक ज्या हातांनी वाहून नेलं, तंबू ठोकले, पाणी तापवलं, ते सगळे हात आपले होते आणि खर्च कंपनी सरकारचा, म्हणजे तोही शेवटी इथल्याच शेतसाऱ्याचा.

आणि आता ते चित्र, ज्यामुळे मी लिहायला बसले. १८३८ च्या नोव्हेंबर डिसेंबरात फिरोजपूर आणि मग अमृतसर, लाहोरला ऑकलंड आणि रणजितसिंह यांच्या भेटी झाल्या. अफगाणिस्तानात फौज घुसवायची होती, त्यासाठी महाराजांची साथ पाहिजे होती, सगळा त्याचा खेळ. दोन्हीकडे हत्ती, तोफा, जरीचे तंबू. आणि या झगमगाटात एमिलीने काय बघितलं? तिने लिहिलंय की महाराज पायात मोजे घालून आले होते, ही त्यांच्यासाठी नेहमीची गोष्ट नव्हती म्हणे, पण थोड्या वेळाने त्यांनी हळूच एक मोजा काढून टाकला, आपला पाय आपल्या हातात धरून आरामात बसता यावं म्हणून. अंगावर एकही दागिना नाही, साधे लाल रेशमी कपडे. पंजाबचा मालक, ज्याच्या खजिन्यात कोहिनूर आहे तो माणूस! तिने त्यांना पांढऱ्या मिशांचा एकडोळ्या म्हातारा उंदीर पण म्हटलंय, ते मला आवडलं नाही, खोचक आहे आणि गोरेपणाचा माज आहे त्यात. पण चित्रात तो माज उतरलेला नाही हे बघा. तुमच्याच पानावर परत बघा. उंदीर नाही तिथे, खुर्ची आपली नाही हे माहीत असलेला आणि तरीही खुर्चीत आपल्या ओसरीवर बसल्यासारखा बसलेला एक थकलेला हुशार माणूस आहे. दरबारी चित्रकाराने महाराजांना असं कधी दाखवलं असतं का, त्याला मान, तेज, प्रभावळ दाखवायची असते. आणि साहेबाच्या अधिकृत चित्रकाराने तहाचा समारंभ काढला असता, गणवेशांची बटणं मोजून. मोजा काढलेला माणूस दिसायला स्केचबुक घेऊन कोपऱ्यात बसलेली, जिच्याकडे कुणाचंच लक्ष नाही अशी बाई लागते. मी मुलांना हेच सांगत आले की आधी माणूस बसलाय कसा ते बघा, नाक डोळे नंतर. इंटरमिजिएटला बसणारी मुलं पण पहिल्यांदा पापण्याच काढतात.

त्याच भेटीत अजून एक प्रकार झाला. तरुण राणी व्हिक्टोरियाचं चित्र महाराजांना भेट द्यायचं होतं, ते एमिलीनेच काढलं, राज्याभिषेकाच्या पोशाखातलं, सोन्याच्या रत्नजडित फ्रेममध्ये बसवून दिलं. आता गंमत अशी की ही बाई इंग्लंडमधून निघाली १८३५ ला आणि राज्याभिषेक झाला १८३८ च्या जूनमध्ये. म्हणजे त्या पोशाखातली राणी तिने बघितलेलीच नाही! ऐकीव माहितीवर राणी उभी केली आणि ते दोन राज्यांमधलं सरकारी नजराण्याचं चित्र झालं. छंद म्हणायचा आणि सरकारी काम पण त्याच छंदाकडून फुकटात करून घ्यायचं, हे आम्हा ड्रॉइंगवाल्यांना चांगलंच ओळखीचं आहे. एका शाळेत माझे आठवड्यातले दोन तास गणिताला देऊन टाकले होते आणि पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी बरोब्बर "मॅडम, फलक आणि रांगोळी तुमच्याकडे". असो.

बाई असण्याचा एक फायदा मात्र तिला होता आणि तो लेखात यायला पाहिजे होता असं मला मनापासून वाटतं. लाहोरला ती आणि फॅनी रणजितसिंहांच्या जनानखान्यात जाऊन आल्या, जिथे कुठल्याही पुरुष चित्रकाराला, साहेब असो की आपला, पाऊल टाकता आलं नसतं. तिथल्या राण्या तिला सुंदर आणि हसऱ्या वाटल्या. पुढच्याच वर्षी, २७ जून १८३९ ला महाराज वारले आणि चार राण्या आणि सात दासी त्यांच्याबरोबर सती गेल्या. कंपनीच्या मुलखात १८२९ लाच बंदी आली होती पण लाहोर कंपनीचं नव्हतं. ही बातमी शिमल्याला पोचल्यावर तिने लिहिलेलं पत्र आहे, त्यातला वरचा टिवल्याबावल्यांचा सूर एकदम गळून पडतो, तिने त्या बायका बघितलेल्या होत्या ना, त्यांच्याबरोबर बसलेली होती. सतीवर इंग्रजांनी ढिगाने लिहून ठेवलंय, कायदे, अहवाल, मिशनऱ्यांची पत्रकं, पण जळालेली बाई हसताना कशी दिसायची हे माहीत असणारं कुणी त्यात फारसं सापडत नाही.

आता तिने जे दाखवलं नाही ते. १८३७-३८ चा उत्तरेतला दुष्काळ फार भयंकर होता, सुमारे आठ लाख माणसं गेली असं मानतात. हा बारा हजारांचा लवाजमा त्या दुष्काळाच्या मधूनच गेला. कानपूरच्या बाजूला तिने जे बघितलं ते पत्रात आहे, बायका जणू पुरून परत उकरून काढल्यासारख्या दिसत होत्या, तबेल्यात तिला एक तान्हं मूल सापडलं, डोळे विझलेले, सांभाळणारं कोण तर सहा वर्षांचं दुसरं पोर. त्या बाळाला ती दूध पाजायला लागली. आणि ती लिहिते की माझ्याजवळ उपाशी बाळ असतं तर अन्नासाठी मी कुठलाही अत्याचार करायला मागेपुढे बघितलं नसतं, बरोबर की चूक याचा विचार पण केला नसता. गव्हर्नर जनरलच्या सख्ख्या बहिणीने हे लिहिलंय! पण १८४४ ला लंडनमध्ये तिच्या चित्रांचा जो मोठा देखणा ग्रंथ निघाला, हिंदुस्थानातले राजे आणि लोक या नावाचा, त्यात रणजितसिंह आहेत, शेरसिंह, हिरासिंह आहेत, निहंग अकाली म्हणजे शीख लढवय्ये आहेत, काबूलचा दोस्त महंमद आहे, शिकारी चित्ते आहेत, कोहिनूर आहे, घरचे नोकर चाकर पण आहेत. दुष्काळ नाही. श्रीमंतांच्या दिवाणखान्यात टेबलावर ठेवायच्या पुस्तकात तबेल्यातलं ते मूल कोण ठेवणार. पत्र बहिणीला होतं म्हणून खरं बोलता आलं, चित्र चारचौघांना दाखवायचं होतं. मला वाटतं तिच्या वहीची सगळी गोष्ट या फटीत आहे, आणि टाइमपास म्हटलं की ही फट दिसतच नाही.

आणि हे तिला कळत नव्हतं असं नाही हं. शिमल्याच्या एका बॉलचं वर्णन तिने केलंय, बँड वाजतोय, स्कॉटलंडहून आलेले मासे खातायत, १०५ गोरे आणि भोवती घोंगड्या पांघरून बघत उभे असलेले निदान तीन हजार पहाडी लोक, कुणी गोरा जवळून गेला की जमिनीपर्यंत वाकणारे. आणि शेवटी म्हणते काय, की हे लोक आमची सगळ्यांची मुंडकी उडवून विषय संपवत कसे नाहीत याचं मला कधी कधी आश्चर्य वाटतं. १८३९ मध्ये. सत्तावनला अजून अठरा वर्षं होती.

त्या १८४४ च्या ग्रंथाबद्दल एक गोष्ट राहिली. आपण सगळीकडे जी छापील चित्रं बघतो, ती तिच्या मूळ जलरंगांवरून लोएस डिकिन्सन नावाच्या माणसाने लिथोग्राफसाठी, म्हणजे दगडावरून छापण्यासाठी, दगडावर परत काढलेली आहेत. म्हणजे रेघ थोडी त्याची पण आहे. मूळ कामाचा मोठा संच कलकत्त्याला व्हिक्टोरिया मेमोरियलकडे आहे. आणि त्या ग्रंथावर नाव कसं छापलंय माहितीये? "द ऑनरेबल मिस ईडन". म्हणजे खानदान कळलं, लग्न झालेलं नाही हे कळलं, एमिली कुठेच नाही. तिची एक कादंबरी १८५९ ला आली ती तर बिननावाचीच आली. तेव्हा तुमच्या पुरवणीने नाव खाल्लं ही काही नवीन गोष्ट नाही, परंपराच आहे, फक्त २०० वर्षं होत आली तर आता ती मोडायला हरकत नसावी.

आपल्याकडे तरी काय वेगळं होतं म्हणा. एमिली रणजितसिंहांचा पाय काढत होती तेव्हा नायगावात सावित्रीबाई सात वर्षांच्या होत्या आणि पुण्यात मुलींची शाळा निघायला अजून दहा वर्षं होती. आपल्या बायकांच्या हातात कागदच नव्हता, त्यांची चित्रं अंगणात, भिंतीवर, गोधडीवर, सकाळी काढायची आणि संध्याकाळी पायाखाली जायची, त्याचं स्केचबुक कुठून मिळणार. पुढे राजा रविवर्म्याची छापील चित्रं घराघरात लागली, पण त्याची बहीण मंगलाबाई पण चित्रकार होती, भावाचं पोर्ट्रेट केलंय तिने, हे नाव किती जणांना माहितीये? तिथे पण "रविवर्म्याची बहीण". बहिणी सगळीकडे सारख्याच.

माझी मागणी छोटी आहे. पुढच्या रविवारी एका ओळीची दुरुस्ती छापा, चित्र : एमिली ईडन. कोपऱ्यात छापलीत तरी चालेल. माझ्याकडच्या अंकातलं ते पान मी कापून वहीत चिकटवलंय, तुमची ओळ खोडलेली नाही, तिच्याखाली बोरूने नाव लिहिलंय, जरा मोठ्या अक्षरात.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका